वरचा दाणा

९ नोव्हेंबर, रविवार

काव्या म्हणते, राग आला की आधी लिहायचं, मग बोलायचं. डायरीही तिनंच दिलीय. खताच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाला कुठल्या पिकावर काय फवारायचं ते छापलंय. वर्ष संपत आलं, सगळी पानं कोरी. आज पहिल्यांदा पेन टेकवतोय, आणि तेही राग नसताना.

कारण आज चनमल्लप्पा काका दुकानात आले होते. काव्याचे अप्पा! दुधनीला त्यांची तुरीची अडत आहे आणि रिकामी पोती ते पहिल्यापासून आमच्याकडूनच नेतात, भवानी पेठेतून. मी पोत्यांच्या थप्पीवर आडवा पडून मोबाइल बघत होतो. मोबाइलमध्ये काव्याचाच मेसेज उघडा. असा दचकून उठलो की थप्पी हलली.

काका बाबांना म्हणाले, "गुरुशांत, तुझं हे पोरगं दिवसभर फोनमधीच आसतंय व्हय?"

"कॉलेज सोडल्यापास्नं तेवढाच अभ्यास चालू आहे," बाबा म्हणाले. बाबांना माझा अपमान करायला गिऱ्हाईक समोर असलं की जास्त आवडतं.

"मग दे की मला थोडे दिवस. जुनी गाडी घ्यायचीय. आता सगळं फोनमधीच इकत्यात म्हणं. मला ते उघडाया येत न्हाय."

काव्याच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एसटीची पायरी चढता येत नाही, म्हणून गाडी. हे मला आधीच माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखा चेहरा केला. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, अगदी चपलांपर्यंत.

"राग लई हाय म्हणं ह्याला?"

"लई," बाबा म्हणाले.

"बघू की."

गाडी घ्यायला माझ्या रागाचं काय काम ते मला कळलं नाही. पण मी हो म्हणालो. काव्याला कळवलं, तर तिचा मेसेज आला, "चांगली गाडी मिळवून दे. मग अप्पांशी आपल्या दोघांचं बोल." म्हणजे सगळं गाडीवर आलं. गाडी चांगली निघाली तर मी माणूस. फसवणुकीत सापडलो तर दुधनीचा रस्ता कायमचा बंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जे बघितलं ते लिहिताना अजून अंगावर येतंय.

दुधनीला अडतीवर गेलो होतो. एक माणूस पोती घेऊन आला. पोत्याचं तोंड उघडलं तर तूर अशी, जणू एकेक दाणा पुसून ठेवलाय. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. एक टोकदार लोखंडी नळी घेतली, पोत्याच्या पोटात खुपसली, आणि मधला माल तळहातावर काढला. फुटका, बारीक, खडेमिश्रित. मी त्या माणसाकडे बघितलं. तो काकांच्या हाताकडे बघत होता.

काका एवढंच म्हणाले, "वरचा दाणा लई ग्वाड हाय. मधल्याचा भाव लावू का?"

"लावा," तो म्हणाला.

संपलं! शिवी नाही, आवाज नाही. मी असतो तर पोतं त्याच्या डोक्यावर पालथं केलं असतं.

मग मी गाडी दाखवली. मोठ्या अभिमानानं. पांढरी गाडी, नव्यासारखी, आणि विकणारा सैन्यातला. वर्दीतला फोटो होता. (तो फोटो बघून काल मी घरात एकटाच ताठ उभा राहिलो होतो. हे कुणाला सांगणार नाही.) मी काकांना सांगितलं, बदली झालीय म्हणून घाईत स्वस्तात काढतोय, गाडी छावणीत उभी आहे, थोडं टोकन पाठवलं की घरपोच येते.

"फोटो म्हंजे वरचा दाणा," काका म्हणाले. "लाव फोन. मोठ्यानं लाव."

स्पीकरवर लावला. काय आवाज त्या माणसाचा! भारदस्त. मराठीत हिंदी मिसळून बोलत होता. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. व्हय साहेब, बरं साहेब. मग म्हणाले,

"साहेब, गाडी आत्ता तुमच्याम्होरंच हाय न्हवं?"

"हां हां, सामनेच उभी आहे."

"मग तेवढा हॉर्न वाजवा की."

"क्या?"

"हॉर्न. बायकोला मोठा हॉर्न लागतोय माझ्या. एकदा वाजवा, ऐकून घेतो."

मग म्हणाला, "ड्यूटीच्या जागेवर हॉर्न अलाउड नाही."

"आसं व्हय. मग दार आपटा की. मला दाराचाबी आवाज कळतोय."

फोन बंद. हमाल हसून हसून पोत्यावर बसले. मी परत लावला, चार शिव्या तयार ठेवल्या होत्या, पण त्यानं नंबरच अडवला.

काल मी त्याला किती प्रश्न विचारले होते. कागद, विमा, टायर, सर्व्हिसिंग. सगळ्यांची उत्तरं होती त्याच्याकडे. फक्त हॉर्न नव्हता.

हा माणूस काय आहे! काव्या ह्यांची मुलगी आहे, हे आता कुठे मला नीट कळतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

राग. लिहितोय.

होटगी रोडला गाडी बघायला गेलो. "एकाच डॉक्टरांच्या हातातली, फक्त दवाखाना ते घर." विकायला बसला होता डॉक्टरांचा भाचा.

सकाळी काका स्टँडवर भेटले तेव्हा मला विचारलं, "कॉलेज का सोडलंस तम्मा?" (तम्मा म्हणतात मला, कानडीत धाकटा भाऊ. हमालांनाही तम्माच म्हणतात.) मी म्हणालो, सरांशी भांडलो. "बरं," म्हणाले आणि शेंगा सोलत बसले.

भाच्यानं गाडी चकचकीत पुसून ठेवली होती. मीटर बघितलं, गाडी जेमतेम चाललेली. मला तर तिथेच हो म्हणावंसं वाटलं. काका आत बसले आणि खाली वाकून आपल्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं चप्पल हरवली.

"तम्मा, हितं ये. पोत्याचं तोंड नवं शिवलं तरी कान झिजलेलं दिसत्यात का न्हाय?"

ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून टकलासारखं गुळगुळीत झालेलं. मला एकदम लख्ख दिसलं. आमच्या धंद्यात जुनी पोती उलटी करून नवी म्हणून खपवतात. तोंड शिवतात, पावडर मारतात, पण खालचे कान, म्हणजे कोपरे, तसेच राहतात. लहानपणापासून मी पोत्याचे कान बघतोय. गाडीलाही कान असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कमाल. काकांनी भाच्याला विचारलं, गाडी का काढताय? "मामांची नजर कमी झाली, आता चालवत नाहीत." बरं. वर घरात चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, भाच्याच्या लग्नाचं झालं. कप खाली ठेवता ठेवता काका विसरल्यासारखं म्हणाले, "व्हय, पण काढताय का गाडी?"

"मामा आता मोठी घेताहेत ना," भाचा म्हणाला.

नजर कमी झालेले मामा मोठी गाडी घेताहेत!

मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. धरली म्हणजे धरलीच. काकांनी मला ओढत जिन्यावरून खाली आणलं. वाटलं शाबासकी देतील.

"अक्कल कुटं ठिवून आलास? त्याचं खोटं टेबलावर पडलं होतं, उघडं. तू कॉलर धरलीस. आता तो मामाला काय सांगंल? एक गुंड आला होता, म्हणंल. गाडीचं कोण इचारतंय आता? त्याचं खोटं तूच झाकलंस की रं."

स्टँडवर भजी खाल्ली. मग काकांनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस म्हणालास?"

"सरांशी भांडलो. सांगितलं की सकाळी."

"व्हय व्हय," म्हणाले आणि कशाला कोण जाणे, हसले. म्हातारपण. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकांचा फोन नाही. काव्या म्हणाली, अप्पांनी घरी काहीच सांगितलं नाही. काही न सांगणं जास्त वाईट. कॉलर धरलेला हात दिवसभर मलाच नकोसा झालाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन आला! "वळसंगला एक गाडी हाय म्हणं, बघून येऊ. मोटरसायकल आण." म्हणजे चनमल्लप्पा काका माझ्या मागे, माझ्या गाडीवर! मी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले.

गाडी काही खास नव्हती. मालकानं पहिल्या झटक्यात सांगितलं, इंजिन धूर मारतंय, स्वस्तात नेणार असाल तर न्या. काकांनी त्याला हात जोडले. गाडी घेतली नाही, पण परतताना दोनदा म्हणाले, "ग्वाड माणूस."

मग एका शेतापाशी थांबवायला लावलं. तूर फुलली होती. वळसंगच्या त्या काळ्या रानात, डोळे पोचतील तिथपर्यंत पिवळं. मी इतकी वर्षं तुरीची पोती विकतोय, तूर अशी उभी कधी बघितलीच नव्हती. काका बांधावर उभे राहून एक फांदी तळहातावर घेऊन बघत होते, जसे नळीतला दाणा बघतात तसे.

नंतर बांधावर बसून त्यांनी मला वाटेल ते विचारलं. गाड्या बघून बघून त्यांना सवयच लागलीय, सगळ्यांना तेच प्रश्न.

"कुटं ठोकलायस का आजून?"

"दोनदा पडलोय. दोन्हीदा माझीच चूक."

"देखभाल कोण करतंय? खाणंपिणं?"

"आई."

"आन आईनं एकांदा दिवस न्हाय केलं तर?"

"मी खिचडी करतो. बाबांना आवडत नाही, पण खातात."

"हं. राग आला की हात कुटं ठिवतोस?"

"ठेवत नाही, तीच तर अडचण आहे."

"खिशात ठिवत जा. त्यासाठीच शिवत्यात खिसं."

आता कपाटातल्या सगळ्या पॅन्टचे खिसे तपासले. एकाचा फाटलाय. आई शिवून देते म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सापडली. निळी. गडद निळी, बोनेटवर झेंडूची माळ. फोटो काव्याला पाठवले तर तिनं एकामागून एक किती बदाम पाठवले. "हीच! हीच! अव्वाला पुढच्या सीटवर बसवून आपण गड्ड्याच्या जत्रेला जायचं. तू चालवायचीस." तू चालवायचीस! हा मेसेज मी किती वेळा वाचला ते लिहीत नाही.

विकणारा राजशेखर म्हणून आहे, विजापूर रोडला. फोनवर पहिलाच शब्द "शरणार्थी", आमच्याकडचा नमस्कार. मग माझं नाव, पेठ विचारली आणि कानडीत म्हणाला, अरे, मग तुम्ही नम्मोरच की! आपलीच माणसं. मी विचारलेल्या सगळ्याची उत्तरं दिली. मी म्हणालो, हॉर्न वाजवा. वाजवला. दार आपटा म्हणालो. आपटलं! हसला आणि म्हणाला, "काय तम्मा, वायपरबी लावू का?"

काकांना फोन करून सांगितलं, काका, ह्या वेळी डोळे झाकून चला. माझी जबाबदारी.

"जबाबदारी तुझी व्हय?" काकांनी विचारलं.

"माझी."

"बरं. रविवारी जाऊ."

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहून काढतो.

राजशेखर दारातच उभा होता. कपाळावर विभूती, पांढरा शर्ट. वाकून काकांच्या पाया पडला. गाडी अंगणात, फोटोपेक्षा सुंदर. ऊन पडलं होतं तर निळ्यात आकाश दिसत होतं. मी काकांना पेडल दाखवलं, चांगलं होतं. मीटर आणि पेडलचा मेळ बसत होता. हे सगळं मी बघितलं, काका नुसते उभे. मला वाटलं, शिकलो मी.

राजशेखरच्या आईनं आधी जेवा म्हणून आग्रह केला. आत पाय ठेवला तसे काका म्हणाले, "आहा! शेंगाची चटणी कुटताय व्हय? आन लसूण जरा जास्तच घातलाय." कडक भाकरी, चटणी, दही. माउलीनं वाढून वाढून पोट भरवलं. कुणाच्या घरची भाकरी खाल्ली की मग जीभ जड होते. ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

जेवून गाडीत बसलो. काका पुढे, मी मागे. काचा बंद. आत अत्तर मारलेलं, मोगऱ्याचं. आणि मोगऱ्याच्या खाली काहीतरी होतं.

सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हा आमच्याकडे भिजलेल्या पोत्यांचे ट्रक येऊन पडले होते. वाळवलेले, झटकलेले. बाबा मला प्रत्येक गठ्ठ्यात तोंड घालायला लावायचे. कितीही उन्हात घाला, एकदा बुडालेल्या पोत्याचा वास जात नाही. कुबट नसतो तो. थंड असतो. विझलेल्या चुलीत पाणी ओतल्यावर येतो तसा.

तो वास गाडीत होता.

मी गप्प बसलो. खरं लिहितोय, गप्प बसलो. मनात म्हणालो, भास असेल. मग म्हणालो, असला तर असू दे, गाडी चालतेय की. काव्यानं बदाम पाठवलेत. गाडी दारात आली की काकांशी बोलायचं ठरलंय. जबाबदारी माझी, असं मीच बोललो होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू की मीच आणलेलं पोतं बुडालेलं आहे? आणि ती माउली दारात उभी राहून हसत होती.

तेवढ्यात काका म्हणाले, "तम्मा, मला सर्दी झालीय, काय वास कळंना. तूच सांग. तू म्हणशील तसं. घ्यायची का?"

सर्दी! आजच व्हायची होती. सगळं माझ्यावर आलं.

मी सीटबेल्ट हातात घेतला आणि ओढत गेलो, ओढत गेलो, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ होती, भिजलेल्या पोत्यावर सुकल्यावर उमटते तशीच. मग मागे जाऊन डिकीतलं जाजम उचललं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला. बोटांना गाळ आला. पिठासारखा बारीक.

"ही गाडी पाण्यात गेलेली आहे," मी म्हणालो.

राजशेखर हसला. "काय तरीच. देवाला जाताना नारळाचं पाणी सांडलं होतं."

"सीटबेल्टच्या आत? किती नारळ होते?"

मग तो हसायचा थांबला. काकांकडे वळून म्हणाला, "काका, आपण नम्मोर. ह्या पोराच्या नादी लागता व्हय? कॉलेज सोडलेलं, बापाच्या पोत्यांवर लोळणारं पोरगं. ह्याला गाडीतलं काय कळतंय?"

हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं, गप्पांच्या भरात. कानात रक्त चढलं. त्याची कॉलर पांढरीशुभ्र, अगदी हाताच्या अंतरावर. मी दोन्ही हात खिशात घातले. आईनं शिवलेला खिसा. मूठ आत अशी आवळली की शिवण कुरकुरली.

"हो, पोत्यांवरच लोळतो," मी म्हणालो. "म्हणूनच कळतं."

तो बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मी काही धरलं नव्हतं, त्यामुळे त्याला सोडवून घ्यायलाही काही नव्हतं. खाली बघावं लागलं ते त्यालाच. त्या अडतीवरच्या माणसासारखं.

काका सावकाश उतरले, माउलीपाशी गेले, हात जोडून म्हणाले, "अव्वा, भाकरी लई ग्वाड होती." आणि मला म्हणाले, "चल."

गाडीबद्दल एक शब्द नाही. मोटरसायकलवर माझ्या मागे बसले. सात रस्ता चौकात उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून जरा वेळ उभे राहिले. मग गेले.

संपलं. हात खिशात राहिले एवढंच. बाकी गाडी नाही, आणि आता बोलायचं कशाच्या आधारावर?

१ डिसेंबर, सोमवार

काव्याला सगळं सांगितलं. वाटलं, निळी गाडी गेली म्हणून रुसेल. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, अप्पा काल घरी आल्यापासून गुणगुणताहेत."

"गाडी मिळाली नाही म्हणून?"

"सर्दीमुळे असेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सर्दीनं कुणी गुणगुणतं का? मी विचारलं असतं, पण तिच्या आवाजात हसू होतं. तो आवाज ऐकला की मला पुढचं काही सुचत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

मी दुकानात नसताना काका येऊन गेले! बाबा म्हणाले, रविवारी दुधनीला बोलावलंय, बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, भावाचं बोलायचंय, आईलाही घेऊन या म्हणालेत.

आईला कशाला? आईला पोत्यातलं काय कळतं? मी बाबांना म्हणालो, भाव फोनवर ठरेल की. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कॉलेज सोडतो म्हणालो त्या दिवशी बघितलं होतं. पण ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "केस काप."

६ डिसेंबर, शनिवार

आज काव्याचा मेसेज आलाय, तो तसाच उतरून काढतो. "अप्पा अव्वाला म्हणाले, नळी घालून बघितलं. वर जरा फुटका दिसतोय, पण मधी दाणा लई ग्वाड हाय."

मी विचारलं, कुठल्या पोत्याचं म्हणताहेत?

तिनं उत्तरात फक्त लिहिलं, "वेडा."

मला त्या पोत्याचं खरंच आश्चर्य वाटतंय. काकांनी सगळी हयात उलटी पोती बघण्यात घालवली. वर सोनं आणि आत माती. वर फुटका आणि आत चांगला असा माल आणणारा कोण असेल? त्याला विकायची अक्कलच नसणार. पण काकांना तो सापडला! मध्ये नळी घालायची आणि दोन्हीकडून खरं सांगायचं, वाईटालाही आणि चांगल्यालाही. मला आयुष्यात एवढं एक जरी जमलं तरी पुरे.

काकांसाठी आणखी एक गाडी शोधून ठेवलीय. उद्या दाखवणार होतो. बाबा म्हणाले, उद्या तिथे गाडीचा विषय अजिबात काढायचा नाही, हात खिशात आणि तोंड बंद. मग जायचं तरी कशाला?

केस कापून आलो. आईनं पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, माझा. बाबा पेढे घेऊन आलेत. आता हे लिहितोय तर आई समोरच्या दोरीवर तिची लग्नातली इरकल उन्हात घालतेय, पदर दोन्ही हातांनी नीट ओढून, स्वतःशीच हसत.

पोत्याच्या भावासाठी कुणी इरकल नेसतं का?

एक मिनिट.